ताजी गाणी, जॅझचा गळा : आशा पुथली यांचा १९७३चा अल्बम
(मंठा, जि. जालना येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)

१९७३ साली सीबीएस कंपनीने ‘आशा पुथली’ याच नावाचा एक अल्बम युरोपात काढला. गायिका मुंबईची, निर्माता लंडनचा डेल न्यूमन आणि गाणी बरीचशी दुसऱ्यांची. जॉर्ज हॅरिसन, जे. जे. केल, बिल विदर्स, जिम वेदरली ही त्यांतली ठळक नावे, आणि या चौघांची गाणी तेव्हा तीन वर्षांहून जुनी नव्हती. जॅझच्या वर्तुळात नाव झालेल्या गळ्याने बाजारात नुकतीच आलेली पॉप गाणी घेऊन स्टुडिओत जावे, हा पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणातला एक ओळखीचा प्रकार आहे. एला फिट्झजेराल्ड, कार्मेन मॅक्रे, सारा व्हॉन या तिन्ही थोर गायिकांनी तो हाताळला. मुंबईत वाढलेल्या आणि रागसंगीताची तालीम घेतलेल्या गळ्याने तो हाताळल्याचे उदाहरण मात्र जवळजवळ हे एकच. आशा म्हटले की मराठी माणसाला भोसले आठवतात. त्यात गैर काही नाही, पण त्यामुळे ही दुसरी आशा आपल्याकडे झाकली गेली.

जॅझ गायक दुसऱ्यांची गाणी गातो, यात मुळात नवे काही नाही. जॅझमध्ये ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात ती गाणी आपापल्या काळातली चालू गाणीच होती. ‘आय गॉट रिदम’ हे १९३०च्या एका संगीत नाटकातले, ‘समरटाइम’ १९३५च्या ऑपेरातले. १९३५पासून बिली हॉलिडे टेडी विल्सनच्या वाद्यवृंदासह ज्या तबकड्या भरत होती, त्यांतली कितीतरी गाणी त्या आठवड्यात छापून आलेली, दुय्यम, कुणी फारशी न विचारलेली अशी होती. नाणी टाकून गाणे वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्ससाठी स्वस्तात माल हवा होता. बिलीने त्या सामान्य चाली घेतल्या, सुरांची संख्या कमी केली, शब्द ठेक्याच्या मागे सोडले आणि साध्या गाण्यांत जागा निर्माण केल्या. त्या ध्वनिमुद्रणांमागे जॉन हॅमंड नावाचा निर्माता होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

त्या काळच्या गाण्याची बांधणीही जॅझला सोयीची होती. ३२ मात्रागटांचे गाणे, त्यात आठ-आठचे चार तुकडे, तिसरा तुकडा वेगळ्या चालीचा. खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगट, सतत बदलत राहणारे, म्हणून गायकाला सुरांच्या निवडीला भरपूर वाव. नाट्यपदाच्या अंतऱ्यात गायक नट जसा आलापाला मोकळा होई, तसा जॅझ गायक त्या कॉर्डांच्या वळणांवर मोकळा होई. १९५६मध्ये एला फिट्झजेराल्डने कोल पोर्टरच्या गाण्यांचा संग्रह गायला, तेव्हा त्यातली बरीच गाणी वीस-वीस वर्षांची झाली होती. चालू गाणी अभिजात ठरली ती अशी, त्यांवर सतत हात फिरत राहिल्यामुळे.

१९६४नंतर हे बिघडले. बीटल्स अमेरिकेत पोहोचले आणि गाणे लिहिणारा, चाल बांधणारा व गाणारा हे तिघे एकाच माणसात आले. गाणे म्हणजे आता छापील कागद राहिला नाही. ती एका विशिष्ट आवाजातली, विशिष्ट गिटारीची, विशिष्ट स्टुडिओतली तबकडी झाली. ठेकाही बदलला. जॅझची लय झोके घेणारी, एका मात्रेचे लांब-आखूड असे दोन असमान भाग करणारी. रॉकची लय सरळ आणि समान भागांची. शिवाय नव्या गाण्यांत कॉर्ड थोडे. तीन कॉर्डांवर चाललेल्या गाण्यात सुरांची कलाकुसर करायला गेले की ती वरून चिकटवल्यासारखी वाटे. जॅझ गायकांच्या विक्रीला ओहोटी लागली होती, आणि कंपन्या म्हणू लागल्या, तरुण जे ऐकतात ते गा.

त्यातून जे अल्बम निघाले त्यांचा दर्जा फार असमान आहे. एला फिट्झजेराल्डने १९६९मध्ये रिप्रीझ कंपनीसाठी ‘एला’ हा अल्बम केला. रिचर्ड पेरी निर्माता, ध्वनिमुद्रण लंडनला, आणि गाण्यांत बीटल्सची दोन, स्मोकी रॉबिन्सनची तीन, रँडी न्यूमनचे एक. तिचा गळा त्या वेळीही कुठे अडत नाही. अडते ते वाद्यमेळाचे. पितळी वाद्यांचा गजर तिला एका ठरीव चौकटीत पळवतो. बिलीसारखे ठेक्याच्या मागे राहायला तिथे सवडच नाही. ‘सॅव्हॉय ट्रफल’सारखे चॉकलेटांच्या नावांवर रचलेले गमतीचे गाणे त्या थोर बाईंनी का गावे, हा प्रश्न तेव्हाही पडला होता आणि अजून पडतो. कार्मेन मॅक्रेचा १९६८चा ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ त्या मानाने शहाणा. ती मुळात शब्दांची गायिका. शीर्षकाच्या, पॉल सायमनच्या गाण्यात शब्दांना वजन होते, म्हणून तिला हाताशी काही मिळाले. सारा व्हॉनने १९७१च्या ‘अ टाइम इन माय लाइफ’मध्ये जॉन लेननचे ‘इमॅजिन’ आणि मार्व्हिन गेचे ‘इनर सिटी ब्लूज’ घेतले. गळा अफाट, निवड संमिश्र. गायिका किती मोठी यापेक्षा गाण्यात तिच्यासाठी जागा किती, यावर असा अल्बम उभा राहतो किंवा पडतो, हे या तिन्हींवरून दिसते.

मुंबईला हे संगीत परके नव्हते. १९३५मध्ये लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढच्या वर्षांत पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला, भारतातच राहिला आणि १९४५मध्ये कोलकात्यात वारला. त्यांच्याकडून शिकले गोव्याचे ख्रिश्चन वादक. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेली ही माणसे मुंबईला येऊन रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हे त्यांतले सर्वांत झगमगते नाव. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या १९५१च्या ‘अलबेला’मध्ये जो पाश्चात्त्य उडता ठेका आहे, त्यात चिकच्या मंडळींचा मोठा वाटा. जॅझ हा शब्द कधी न उच्चारणाऱ्या मराठवाड्यातल्या तंबूतल्या प्रेक्षकांनीही तो असा ऐकला.

स्वातंत्र्यानंतर गोरे गिऱ्हाईक गेले आणि १९४९च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या रात्री फिक्या पडल्या. तरी संगीत टिकले. १९५८मध्ये डेव्ह ब्रुबेक, १९६३मध्ये ड्यूक एलिंग्टन, १९६४मध्ये लुई आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले. १९५५पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा तास लघुलहरींवर येई, रेडिओ सिलोनवर ताजी पाश्चात्त्य गाणी लागत. चर्चगेट भागातल्या उपाहारगृहांत सुटीच्या दिवशी चहाबरोबर वाद्यवृंद असे आणि कॉलेजची मुले-मुली तिथे गोळा होत. तिथल्या गायिकांना दोन्ही यावे लागे, एलाचे जुने गाणेही आणि गेल्या महिन्यात गाजलेले नवेही. ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदात गाणाऱ्या लोर्ना कोर्देरो यांनी हीच लकब कोंकणी गाण्यांत नेली. उषा अय्यर, पुढच्या उषा उथुप, यांनी १९६८मध्ये ‘जांबलाया’ आणि ‘ग्रीनबॅक डॉलर’ ही उसनी गाणी तबकडीवर भरली. भरदार, खालच्या पट्टीचा तो आवाज गाण्याला खांद्यावर उचलून नेई. त्याच्या अगदी उलट टोकाला आशा पुथली यांचा आवाज होता.

पुथली यांचा जन्म १९४५चा, मुंबईचा. लहानपणी पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे हिंदुस्थानी गायनाची तालीम आणि जोडीला पाश्चात्त्य ऑपेराच्या आवाजसाधनेचेही धडे. रेडिओवर जॅझ कानी पडले तेव्हा त्यातले आपले काय आणि परके काय हे त्यांना लगेच उमगले असावे. दिलेल्या बंदिशीवर जागच्या जागी नवे रचणे हे दोन्हीकडे आहे. निरर्थक अक्षरांवर गाणे दोन्हीकडे आहे. इकडे तराणा, तिकडे स्कॅट. फरक खालच्या जमिनीचा. आपल्याकडे षड्ज अढळ, तानपुऱ्यासारखा. तिकडे कॉर्ड हलतात आणि गायकाचा आधारस्वर पायाखालून सरकत राहतो. मुंबईतल्या एका जॅझ वाद्यवृंदाबरोबर त्या अशा उत्स्फूर्त गात असताना लेखक वेद मेहता यांनी त्यांना ऐकले. १९७०मध्ये आलेल्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या त्यांच्या पुस्तकात मुंबईच्या जॅझवर एक प्रकरण आहे, त्यात या मुलीचे चित्र आहे.

साठच्या दशकाच्या अखेरीस ‘द सर्फर्स’ या वाद्यवृंदासह त्यांची चार गाण्यांची एक छोटी तबकडी भारतात निघाली. सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची, दोन्ही बाजूंना दोन-दोन गाणी. ‘एंजल ऑफ द मॉर्निंग’, ‘सनी’, ‘फीव्हर’ आणि ‘द साउंड ऑफ सायलेन्स’. १९७३च्या अल्बमची बीजे इथे आहेत, म्हणून या निवडीकडे जरा थांबून पाहावे.

‘फीव्हर’ १९५६चे, लिटल विली जॉनचे. पण जगाला ते पेगी लीच्या १९५८च्या तबकडीमुळे ठाऊक. तिने त्यातली बहुतेक वाद्ये काढून टाकली. बास, थोडे ड्रम, चुटक्या आणि हळू आवाज, एवढेच उरले. कडव्यापुरते गाणे एकाच सुरावटीवर फिरते, म्हणजे जवळजवळ अढळ षड्जावर. रागाची तालीम झालेल्या गळ्याला हे घरचे अंगण. ‘सनी’ बॉबी हेबचे, १९६६चे. त्याची गंमत अशी, की कडवे संपले की पट्टी अर्ध्या सुराने वर सरकते, मग पुन्हा वर. आपल्याकडे षड्ज बदलणे हा प्रकारच नाही. म्हणून भारतीय गळ्याला ही परीक्षा. ‘साउंड ऑफ सायलेन्स’ सायमन आणि गारफंकेल यांनी १९६४मध्ये साध्या गिटारच्या साथीने गायले, ते पडले. पुढच्या वर्षी टॉम विल्सन या निर्मात्याने त्या दोघांना न विचारता त्यावर विजेच्या गिटारी आणि ड्रम चढवले आणि १९६६च्या आरंभी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. चाल कोमल गंधाराची, मोजक्या सुरांची, सांगीतिकेपेक्षा स्तोत्राजवळची. कार्मेन मॅक्रेने न्यूयॉर्कच्या बाजारासाठी आणि पुथलींनी मुंबईच्या बाजारासाठी हे एकच गाणे त्याच सुमारास निवडले, हा योगायोग नव्हे. त्या वेळच्या पॉपमध्ये गायकाला शांतपणे थांबू देणारी गाणी थोडी होती आणि जाणकार कान त्यांच्यापाशीच पोहोचत होते. उरले ‘एंजल ऑफ द मॉर्निंग’. चिप टेलरने लिहिलेले, १९६८मध्ये मेरिली रशच्या आवाजात गाजलेले. तीन मुख्य कॉर्ड, फुगत जाणारे ध्रुपद, आणि गळ्याला करण्यासारखे काही नाही. बहुधा त्या घडीचे सर्वांत ताजे म्हणून ते घेतले गेले. चारांत तीन अशी निवड साधणे हे वाईट नव्हे.

ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सेविकेचे काम आणि मग मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती, अशा वाटेने पुथली न्यूयॉर्कला पोहोचल्या. तिथे त्यांना कोलंबिया कंपनीत जॉन हॅमंड भेटले. बिली हॉलिडेला स्टुडिओत आणणारे, बॉब डिलनला कंपनीत घेणारे तेच हॅमंड. १९७१मध्ये पीटर आयव्हर्स याच्या ब्लूज वाद्यवृंदासह पुथलींनी मार्व्हिन गेचे ‘एन्ट दॅट पिक्यूलियर’ गायले. पुन्हा उसने पॉप गाणेच. त्याच वर्षी सप्टेंबरात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी दोन गाणी झाली, ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’.

कोलमनचे संगीत ऐकायला सोपे नाही. त्याने कॉर्डांची ठरलेली मालिकाच सोडून दिली होती. प्रत्येक वाद्याने आपली चाल आपल्या दिशेने न्यावी आणि मेळ कानांनी साधावा, असा त्याचा हिशेब. त्या ध्वनिमुद्रणात सॅक्सोफोनवर तो स्वतः आणि ड्यूई रेडमन, बासवर चार्ली हेडन, ड्रमवर बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल असे दोघे. या कल्लोळावर पुथलींचा आवाज लांब सूर धरून तरंगतो. तो चढा, बारीक आणि श्वासाने भरलेला आहे, आणि सूर एकातून दुसऱ्यात मींडेने जातात. ज्या संगीतात कॉर्ड नाहीत तिथे स्वतःचा षड्ज मनात धरून गाणारी व्यक्तीच टिकते. अमेरिकेतल्या नावाजलेल्या जॅझ गायिकांना जे अवघड गेले असते ते इथे खयालाच्या तालमीने सोपे केले. ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी या कामाची दखल घेतली.

इतक्या कडक प्रयोगानंतर दोनच वर्षांनी पॉप गाण्यांचा अल्बम, हे अनेकांना घसरण वाटले असेल. जॅझच्या शुद्धतावाद्यांना तसे वाटण्याची सवयच आहे. अमेरिकेत ज्या कंपनीला कोलंबिया म्हणत तीच इतर देशांत सीबीएस, कारण तिथे कोलंबिया हे नाव ईएमआयकडे होते. त्या सीबीएसने पुथलींना लंडनला डेल न्यूमनच्या हाती दिले. न्यूमन हा तंतुवाद्यांचा संयोजक. त्याच १९७३मध्ये एल्टन जॉनच्या ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’साठी त्याने वाद्यमेळ लिहिला. कॅट स्टीव्हन्सच्या गाण्यांतही त्याचा हात होता. मऊ पार्श्वभूमी उभी करून गायकाला पुढे मोकळे सोडणे हे त्याचे कसब, आणि एलाच्या १९६९च्या अल्बमला नेमके तेच मिळाले नव्हते.

गाण्यांची निवड पाहावी. जे. जे. केल हा ओक्लाहोमातल्या टल्साचा गिटारवादक. त्याची ‘राइट डाउन हिअर’ आणि ‘लाइज’ ही दोन गाणी अल्बमवर आहेत. केल स्वतः जवळजवळ पुटपुटत गातो. आवाज वाद्यांच्या मागे ठेवतो, लय सैल सोडतो, कॉर्ड दोन-तीन. वरवर पाहता जॅझ गायिकेला यात काही नाही. पण केलची लय ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळते आणि तीच बिली हॉलिडेची जुनी सवय. पुथलींनी हे ओळखले. ‘राइट डाउन हिअर’मध्ये त्यांनी मूळ पुटपुटणे कुजबुजीत बदलले, आणि शब्दाच्या शेवटी श्वास सोडून देण्याची जी लकब आहे ती पुढे त्यांची खूणच झाली. अल्बममधले हे सर्वांत टिकाऊ गाणे.

‘लेट मी इन युअर लाइफ’ बिल विदर्सचे, १९७२च्या ‘स्टिल बिल’ अल्बममधले. विदर्सची गाणी बोलण्याच्या इतकी जवळ असतात की त्यांत सजावट केली की ती लाजतात. इथे गायिका संयमाने वागते. ‘नीदर वन ऑफ अस’ हे वेदरलीचे गाणे १९७३मध्येच ग्लॅडिस नाइट आणि पिप्स यांनी गाजवले होते. तुटत आलेल्या नात्याचे ते कबुलीगीत आहे आणि ग्लॅडिसने त्यात चर्चच्या गाण्याची सगळी ताकद ओतली होती. तिच्याशी ताकदीने स्पर्धा करणे कुणालाही महागात पडले असते. पुथली ते मार्ग बदलून गातात, हळू आणि वरच्या पट्टीत. तरी मूळ गाण्याची सावली तिथून जात नाही. ग्लॅडिसने त्या गाण्यात कुणासाठी काही शिल्लकच ठेवले नव्हते.

‘आय डिग लव्ह’ ही या अल्बममधली सर्वांत वादग्रस्त गोष्ट. हॅरिसनच्या १९७०च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या तिहेरी अल्बममध्ये भक्तिगीतांच्या शेजारी हे एक हलके गाणे आहे. पियानोवरची चढती-उतरती सुरावट पुन्हा पुन्हा येते, शब्द थोडके, अर्थ त्याहून थोडका. हॅरिसनच्या थोर गाण्यांत ते कुणी गणत नाही. पुथलींनी ते घेतले आणि नाटक केले : पाण्याच्या बुडबुड्यांचे आवाज, हसू, लाडिक उसासे. कुणाला हे थिल्लर वाटेल. पण बैठकीच्या लावणीत एका ओळीवर गायिका पंधरा तऱ्हांचे भाव करून दाखवते तेव्हा आपण तिला कलावंत म्हणतो. तोच न्याय इथेही लावला पाहिजे. मूळ गाण्यात जे रिकामे होते ते त्यांनी अभिनयाने भरले. मूळ गाणे कमकुवत असल्यामुळेच हे शक्य झाले. केल आणि हॅरिसन यांची सैल गाणी या अल्बममध्ये जिंकतात आणि ग्लॅडिसचे घट्ट गाणे हरते, याचे कारण एकच.

मराठी श्रोत्याला हा प्रकार समजायला आपल्याकडचा दाखला दूर नाही. ठुमरीत बोलबनाव म्हणतात तो हाच : चाल साधी, शब्द थोडे, आणि एकेका शब्दाला सुरांनी वेगवेगळे वळण देत त्याचा अर्थ फुलवायचा. नाट्यसंगीताची तर निम्मी रचना उसनवारीवर उभी. १९११च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी पूरबी ठुमऱ्यांच्या चाली आणल्या, १९१६च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी रागदारीच्या बंदिशींवर पदे बसवली. आणि कुमार गंधर्व यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, तेव्हा एका रागगायकाने दुसऱ्याची लोकप्रिय पदे घेऊन त्यांत स्वतःचे काय दिसते ते मांडले. कार्यक्रमाच्या नावातच त्यांनी भूमिका सांगितली. नक्कल ऐकायला आलेले काही श्रोते नाराज होऊन गेले असतील. तो कुमारांचा प्रश्न नव्हता. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवात कान तयार झालेल्या इथल्या रसिकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नक्कल आणि नवरचना यांतला फरक आपल्या बाजाराने मात्र पुसून टाकला. उसने गाणे पुन्हा भरण्याला कायद्याची मुभा जुनी आहे. अमेरिकेत १९०९च्या कायद्याने, एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे कुणीही प्रतीमागे दोन सेंट देऊन पुन्हा भरावे अशी सोय केली आणि तो दर १९७७ अखेर तसाच राहिला. बिलीपासून पुथलींपर्यंतचे हे सारे अल्बम त्या दोन सेंटांवर किंवा तशाच सोयीवर उभे आहेत. भारतात १९५७च्या कायद्यातल्या कलम ५२(१)(जे) मध्ये अशीच वाट होती : सूचना द्या, मानधन भरा; पुढे पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षे थांबण्याची अटही आली. ऐंशीच्या दशकात कॅसेट कंपन्यांनी या वाटेने गाडी हाकली. रफी, मुकेश, लता यांची गाणी नव्या आवाजांत, शक्य तितकी मूळ तबकडीसारखी, निम्म्या किमतीत. मंठ्यापासून मुंबईपर्यंत बसस्थानकावरच्या प्रत्येक टपरीत त्या कॅसेटी होत्या. त्यांत नवीन काही करायची गायकाला बंदीच होती, कारण गिऱ्हाईकाला मूळ गाणे स्वस्तात हवे होते. २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१सी आणून मुदत पाच वर्षांची केली आणि मूळ गाण्यात बदल करण्यावरची बंधनेही कायम ठेवली. मूळ कलाकारांच्या हक्काच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण गाणे वळवून स्वतःचे करणाऱ्या कलावंताला हीच पाच वर्षे लागू होतात. पुथलींची १९७३ची निवड आज भारतात या कलमाखाली करता आली नसती, मूळ हक्कदाराची परवानगी आधी मिळवावी लागली असती.

पुढचे थोडक्यात. माइल्स डेव्हिसचे अल्बम घडवणाऱ्या टिओ मासेरो यांच्यासह ‘शी लव्ह्ज टू हिअर द म्युझिक’ झाला. १९७६मध्ये ‘द डेव्हिल इज लूज’ आला आणि त्यातले ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो यांच्या ‘लॉफ्ट’ या नृत्यघरात फार वाजले. १९७३ला केलच्या गाण्यात सापडलेली कुजबूज इथे डिस्कोच्या ठेक्यावर बसली आहे. १९९७मध्ये रॅप गायक नोटोरियस बी.आय.जी.च्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ या अल्बममधल्या एका गाण्यात याच ‘स्पेस टॉक’चा तुकडा वापरला गेला. आयुष्यभर इतरांच्या गाण्यांत जागा शोधणाऱ्या गायिकेच्या गाण्यात आता इतरांनी जागा शोधली. २००६मध्ये त्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गायल्या, २०२२मध्ये ब्रिटनच्या मिस्टर बाँगो कंपनीने त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला, आणि २०२४च्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या पुन्हा मंचावर होत्या.

१९७३चा अल्बम निर्दोष नाही. दोन-तीन ठिकाणी न्यूमनची तंतुवाद्ये जास्त गोड होतात आणि काही गाणी नावे लक्षात न राहता निघून जातात. ‘सायन्स फिक्शन’मधला धोका पत्करणारा गळा इथे क्वचितच धोका पत्करतो. तरी याच प्रकारातल्या एलाच्या अल्बमपेक्षा तो सरस आहे, कारण त्यातली गाणी गायिकेच्या गळ्याकडे पाहून निवडली आहेत असे ऐकताना वाटते.

ही गाणी आता फोनवर मिळतात. ज्यांना ऐकायची असतील त्यांनी आधी केलचे ‘राइट डाउन हिअर’ ऐकावे, मग पुथलींचे, आणि त्यानंतर ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’. साठच्या दशकातल्या भारतीय पॉपच्या सात इंची तबकड्या मात्र आता दुर्मिळ आहेत. जालना, परभणी, मंठा या भागांत कुणाच्या माळ्यावर जुन्या ग्रामोफोनबरोबर अशा तबकड्या पडून असतील, तर त्या भंगारात घालण्याआधी त्यांवरची नावे एकदा वाचावीत आणि जमेल त्याच्याकडून त्यांचे डिजिटल ध्वनिमुद्रण करून घ्यावे.